‘दिसत नाही’ आणि ‘नाही’

डोंबिवलीतल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, टीव्हीच्या कपाटाखाली, बुटांच्या खोक्याएवढा एक काळा डबा गेली पाच वर्षं हलकेच घरघरत असतो. आत दोन हार्ड डिस्क आहेत. घरातल्या निवृत्त शिक्षकांनी आपल्या वडिलांची हस्तलिखित वही पानापानानं स्कॅन करून त्यात ठेवली आहे. आईचे कृष्णधवल फोटो आहेत, मुलीचं बारशापासून लग्नापर्यंतचं सगळं आहे. अशा डब्याला जाणकार ‘नॅस’ म्हणतात. घरच्या नेटवर्कला जोडलेलं ते सामाईक कपाट असतं. घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवरून, फोनवरून उघडावं आणि हवं ते काढावं.

एका दुपारी लाईट गेली आणि तासाभरानं आली. संध्याकाळी लॅपटॉप उघडला तर डब्याकडे नेणाऱ्या ‘झेड’ ड्राइव्हवर लाल फुली. क्लिक केलं की थोडा वेळ चक्र फिरायचं आणि चौकट यायची: नेटवर्कचा मार्ग सापडला नाही. राऊटर बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच. शेवटी गुरुजींनी डबा बाहेर ओढला, उलटा केला, ‘रीसेट’ लिहिलेलं बारीक भोक चष्म्याखालून शोधलं आणि पत्नीकडून सेफ्टी पिन मागून घेतली. नेमकी त्याच वेळी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली भाची दारातून आत आली.

“मामा, ती पिन आधी खाली ठेवा.”

“अगं, गेलंय सगळं. काहीच दिसत नाही.”

“दिसत नाही हे खरं. पण गेलंय हे कशावरून?”

भाचीनं सहज विचारलेल्या या प्रश्नावर भारतातल्या तत्त्वज्ञांनी शतकानुशतकं वाद घातला आहे. न दिसण्यावरून नसणं ठरवता येतं का, आणि येत असेल तर कधी, हा तो वाद. त्याची धग ईश्वराच्या प्रश्नापर्यंत पोचली, आणि आज ती घराघरांतल्या काळ्या डब्यांपर्यंतही पोचते; कारण ‘नाही’ असं चुकीचं ठरवलं की माणूस पिन हातात घेतो. काही कंपन्यांच्या डब्यांत ते भोक थोडा वेळ दाबलं तर फक्त पासवर्ड आणि नेटवर्कची मांडणी पुसली जाते. काहींत जास्त वेळ दाबलं तर सगळी व्यवस्था कोरी होते, आणि काही उपकरणांत ‘फॅक्टरी रीसेट’ म्हणजे आतल्या फायलींनाही कायमचा रामराम.

टेबलावर पुस्तक नाही, हे आपल्याला कळतं कसं? डोळ्यांना तर टेबलच दिसतं. ‘पुस्तक नसणं’ अशी काही वस्तू टेबलावर पडलेली नसते. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेले मीमांसक कुमारिल भट्ट म्हणाले की अभाव कळण्याचं साधन वेगळंच आहे. त्याला ‘अनुपलब्धि’ म्हणावं; ते प्रत्यक्ष, अनुमान वगैरेंच्या पंक्तीतलं सहावं प्रमाण. अद्वैत वेदान्त्यांनी ते मान्य केलं. नैयायिकांनी केलं नाही. त्यांच्या मते अभावसुद्धा डोळ्यांनीच कळतो, रिकाम्या जमिनीचं विशेषण म्हणून. प्रभाकरांच्या परंपरेनं अभाव ही निराळी गोष्ट मानायलाच नकार दिला: नुसती मोकळी जमीन दिसते, एवढंच. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी ते अनुमानात बसवलं. मराठी वाचकाला या शब्दांच्या तंतोतंत व्याख्या पाहायच्या असतील, तर भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ आहे. त्याची सुधारित आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९२८ मध्ये काढली.

या सगळ्या भांडणात एक अट मात्र बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या रूपात धरून ठेवली. ती म्हणजे योग्यता. ‘इथे घडा असता, तर तो दिसला असता’ हे वाक्य ज्या जागी खऱ्या अर्थानं म्हणता येईल, तिथेच ‘घडा नाही’ असं म्हणण्याचा अधिकार मिळतो. लख्ख उजेडात, शाबूत डोळ्यांनी, मोकळ्या जमिनीकडे नीट पाहिलं आणि घडा दिसला नाही, तर तो नाही. अंधाऱ्या खोलीत तसं म्हणता येत नाही. पिशाच हे तर मुळातच न दिसणारं मानलेलं. त्यामुळे ‘पिशाच दिसलं नाही, म्हणून इथे पिशाच नाही’ हा युक्तिवाद धर्मकीर्ती चालू देत नाहीत. जे दिसण्याजोगं नाही, त्याच्या न दिसण्यातून फक्त शंका निघते, निर्णय निघत नाही.

गुरुजींच्या घरात उजेड होता का? त्या लॅपटॉपवरच्या चौकटीकडे पुन्हा पाहावं. ती म्हणत होती, मार्ग सापडला नाही. वस्तू नाही, असं ती म्हणतच नव्हती. यंत्रानं आपली मर्यादा प्रामाणिकपणे सांगितली होती. त्या वाक्याचा ‘सगळं गेलं’ असा अर्थ लावला तो भीतीनं.

असलेली वस्तू न दिसण्याची कारणं ईश्वरकृष्णांनी ‘सांख्यकारिके’त मोजून दिली आहेत. सहाव्या शतकात परमार्थ या भिक्षूनं या ग्रंथाचं चिनी भाषांतर केलं, म्हणजे मूळ ग्रंथ त्याआधीचा. सातव्या कारिकेत आठ कारणं येतात: वस्तू फार लांब असणं, फार जवळ असणं, इंद्रिय बिघडलेलं असणं, मन ठिकाणावर नसणं, वस्तू अतिसूक्ष्म असणं, मध्ये आडोसा असणं, अधिक प्रखर गोष्टीनं ती झाकोळणं, आणि सारख्या वस्तूंत मिसळून जाणं. टीकाकारांची उदाहरणंही घरगुती आहेत. डोळ्यातलं काजळ डोळ्याला दिसत नाही. दिवसा तारे असतात, सूर्यापुढे लोपतात. मुगाच्या राशीत मूठभर मूग टाकले तर आपले मूग कुठले, ते सांगता येत नाही. नेटवर्क दुरुस्त करणाऱ्याने ही यादी जवळ ठेवावी इतकी ती नेमकी आहे.

इंद्रिय बिघडणं म्हणजे केबल. प्लगची प्लॅस्टिकची जीभ तुटलेली असते, वायर खाचेत नुसती टेकलेली असते, कधी कपाटामागे उंदरानं ती कुरतडलेली असते. पोर्टशेजारचा बारीक दिवा विझलेला असेल तर पुढचं काहीही तपासण्यात अर्थ नाही. मन ठिकाणावर नसणं म्हणजे डबा जागा आहे, पण काम सुरू झालेलं नाही: अचानक लाईट गेल्यावर काही डबे चालू होताच डिस्कची तपासणी करत बसतात, आणि तेवढा वेळ फायली देणारी सेवा, जी सहसा ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर उभी असते, दाराशी आलेलीच नसते. झाकोळणं वायफायला ठाऊक आहे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. चाळीसारख्या दाट वस्तीत वीस-पंचवीस राऊटर त्याच तिघांवर बोलत असतात.

आडोशांत सगळ्यात फसवा असतो तो पाहुण्यांसाठीचा वायफाय. फोन त्यावर जोडला की इंटरनेट व्यवस्थित चालतं, त्यामुळे आपण घरातच आहोत असं वाटतं. पण पाहुण्यांच्या जाळ्यातून घरातली उपकरणं दिसू नयेत, अशीच त्याची रचना असते. दुसरा आडोसा शहरांत फार घरांत आढळतो. फायबर कंपनीनं दिलेला एक राऊटर, आणि रेंज कमी पडते म्हणून विकत आणून त्याच्यापुढे लावलेला दुसरा. दोघेही आपापला पत्त्यांचा संसार थाटतात: एकाचे पत्ते १९२.१६८.१ नं सुरू होतात, दुसऱ्याचे १९२.१६८.० नं. डबा पहिल्याला जोडलेला आणि फोन दुसऱ्याच्या वायफायवर, तर डबा आपणहून यादीत येत नाही. भिंतीला भिंत लागून दोन घरं, आणि मध्ये खिडकी नाही.

भाचीनं आधी केबल पाहिली. दिवा लुकलुकत होता. आतून डिस्कचा आवाजही येत होता. सांख्यांच्या आठव्या कारिकेत मूळ प्रकृतीबद्दल हेच म्हटलं आहे: ती दिसत नाही ते सूक्ष्म असल्यामुळे, नसल्यामुळे नव्हे, तिच्या कार्यांवरून ती कळते. मग तिनं लॅपटॉपवरून, डब्याच्या नावे नोंदलेल्या १९२.१६८.१.७ या पत्त्याला ‘पिंग’ केलं. पिंग म्हणजे ‘आहेस का?’ एवढंच विचारणारा छोटा संदेश. अमेरिकेतल्या सैनिकी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात हा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं.

उत्तर आलं. चारही वेळा.

“बघ, आहे की!” गुरुजींचा चेहरा उजळला. पण ड्राइव्ह उघडेना. भाचीनं थोडा विचार केला आणि समोरचा टीव्ही बंद केला. पुन्हा पिंग केलं. आता उत्तर येईना.

मघापासून उत्तर देत होता तो टीव्ही. लाईट परत आल्यावर राऊटर नव्यानं पत्ते वाटायला बसला होता, त्याच्या जुन्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. टीव्ही आधी जागा झाला आणि त्याला ७ क्रमांक मिळाला. लॅपटॉप मात्र सवयीनं जुन्याच दारावर थापा मारत होता. मुगाच्या राशीतले मूग ते हेच. इथे आणखी एक गोष्ट लक्षात येते, आणि ती न दिसण्याइतकीच महत्त्वाची आहे: ‘आहे’ हे ज्ञानही चुकू शकतं. आवाज आला, पण तो कुणाचा हे तपासलं नाही, तर शिंपल्याला चांदी समजण्यासारखं होतं.

ओळख पटवायला पत्ता पुरत नाही, कारण तो बदलतो. भाचीनं डबा उलटा करून खालचं स्टिकर वाचलं. प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच बारा खुणांचा एक क्रमांक मिळतो. त्यातल्या पहिल्या सहा खुणा बहुधा निर्मात्याच्या असतात. तोच क्रमांक तिनं राऊटरच्या यादीत शोधला. शेजारी लिहिलं होतं: १९२.१६८.१.१२. तो पत्ता टाकला, पासवर्ड विचारला गेला, आणि फोल्डर उघडले. गुरुजींनी सगळ्यात आधी वडिलांची वही उघडली. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात शाईचा डाग आहे. तो दिसल्यावरच ते खुर्चीत मागे टेकले.

सगळ्याच घरी एवढ्यावर भागत नाही. कधी केबल नीट, पत्ता नीट, राऊटर नीट, आणि तरीही दार बंद. वेदान्तात दहा जणांची गोष्ट सांगतात. नदी पार केल्यावर प्रत्येक जण मोजतो, नऊच भरतात, आणि दहावा बुडाला म्हणून सगळे रडतात. वाटसरू येऊन सांगतो की मोजणारा स्वतःला विसरला. नॅसच्या तक्रारींत हा दहावा फार वेळा भेटतो. माणूस सगळं तपासतो, पण ज्या लॅपटॉपवरून तपासतो तो लॅपटॉप तपासत नाही. त्यात जुना पासवर्ड जपून ठेवलेला असतो आणि तो गुपचूप तोच पाठवत राहतो. किंवा त्याचं घरचं नेटवर्क ‘सार्वजनिक’ असं नोंदलं गेलेलं असतं, म्हणून त्याची फायरवॉल आपल्याच घरच्यांशी परक्यासारखी वागते. अशा वेळी साधन बदलून पाहावं: लॅपटॉपऐवजी फोन, वायफायऐवजी केबल, नावाऐवजी आकडी पत्ता. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला रात्री पाण्यात मीठ टाकायला लावतात. सकाळी ते डोळ्यांना सापडत नाही, हाताला लागत नाही. वरून, मधून, तळातून पाणी चाखलं की प्रत्येक घोटात मीठ आहे. डोळ्यांनी ‘नाही’ म्हटलेलं जिभेनं ‘आहे’ ठरवलं.

न दिसण्याचं भाषेशी जोडलेलंही एक कारण आहे, आणि ते ईश्वरकृष्णांच्या यादीत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला, तो फायली वाटून घेण्याच्या ‘एसएमबी’ या व्यवस्थेच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. त्याच वर्षी शरदात आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीत, नव्यानं बसवलेल्या संगणकांवर ती जुनी आवृत्ती घालणं बंद करायला मायक्रोसॉफ्टनं सुरुवात केली. परिणाम असा की असंख्य घरांत जुने डबे ‘नेटवर्क’च्या खिडकीतून नाहीसे झाले. यादी दाखवण्याची रीतच त्या जुन्या आवृत्तीवर उभी होती. त्यामुळे काही डबे यादीत दिसत नसत, पण पत्ता टाकला की बिनतक्रार उघडत. ज्यांना फक्त जुनी बोली येत होती, ते मात्र मुके झाले. अशा वेळी जुनी आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. ज्या दारानं चोर आला तेच दार उघडं टाकायचं, यापेक्षा डब्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत करणं किंवा डबाच बदलणं शहाणपणाचं.

या भाषेची गोष्ट मीमांसकांना आवडली असती. घरगुती डब्यांपैकी बहुतेकांत लिनक्स असतं आणि एसएमबी बोलण्याचं काम ‘सांबा’ हा मुक्त प्रोग्रॅम करतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला शिकत असताना अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी त्याला सुरुवात केली. दोन संगणक आपापसात काय पाठवतात ते पाहत पाहत त्यांनी ती बोली शिकून घेतली. मूल भाषा कशी शिकतं, याचं मीमांसकांनी दिलेलं उत्तर हेच आहे. एक मोठा माणूस दुसऱ्याला ‘गाय आण’ म्हणतो, दुसरा गाय आणतो. मूल बाजूला उभं राहून पाहतं आणि शब्दाचा अर्थ उचलतं. त्याला ते वृद्धव्यवहार म्हणतात.

आता ईश्वराकडे. दहाव्या शतकातल्या मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजलि’ लिहिला तो ईश्वराच्या सिद्धीसाठी. तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, त्यांच्यापुढे दिसतं तेवढंच मानणाऱ्या चार्वाकाचा आक्षेप येतो: ईश्वर दिसत नाही, म्हणून नाही. उदयन योग्यतेची अट पुढे करतात. ईश्वर डोळ्यांनी दिसण्याजोगा मानलेलाच नाही. मग त्याच्या न दिसण्यानं काय सिद्ध होतं? न दिसणं म्हणजेच नसणं असेल, तर चार्वाक घराबाहेर पडल्यावर त्याला बायकामुलं दिसत नाहीत, तेव्हा ती नाहीतच असं मानून त्यानं छाती पिटून रडायला हवं. ऑफिसातून फोनवर घरचा डबा ‘ऑफलाइन’ दिसला की काळजात धस्स होणाऱ्यांनी हे उदाहरण आठवावं. फोन मोबाइल नेटवर आहे, घराबाहेर आहे. ती लाल खूण आधी फोन कुठे उभा आहे ते सांगते.

उदयनांचा युक्तिवाद भक्कम आहे, पण तो कुठपर्यंत जातो हे नीट पाहिलं पाहिजे. ईश्वर नाही हे सिद्ध झालेलं नाही, इतकंच त्यातून मिळतं. उदयनांना हे पुरतं ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी पाचव्या स्तबकात ईश्वराच्या बाजूनं स्वतंत्र प्रमाणं मांडण्याचे कष्ट घेतले. आजच्या वादांत हे कष्ट कुणी घेत नाही. ‘दाखवा, नाहीतर नाही’ असं एक बाजू म्हणते. ‘नाही हे तुम्हाला सिद्ध करता येत नाही, म्हणून आहे’ असं दुसरी. महाराष्ट्रात बुवाबाजीचा बराच व्यापार या दुसऱ्या वाक्यावर चालतो, आणि ते वाक्य पहिल्याइतकंच पोकळ आहे. डोंबिवलीतल्या त्या भाचीनं मामांना ‘आहे’ असं सांगितलं नव्हतं. ‘अजून कळलेलं नाही’ एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि मग ती पत्ता शोधायला बसली. आस्तिकानं आणि नास्तिकानं, दोघांनीही, ही मधली जागा लाजिरवाणी मानू नये. शंकेत थांबणं आणि तिथून पुढे तपासत जाणं हा या परंपरेतला सन्मानाचा मार्ग आहे.

उलट, ‘नाही’ म्हणण्याचा पूर्ण अधिकार मिळतो, अशीही वेळ येते. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या डब्यांच्या जगभरच्या मालकांना ती अनुभवायला लागली. डबा चालू होता, जोडलेला होता, फोल्डरही जागच्या जागी होते. आत काहीच नव्हतं. २०१५ नंतर कंपनीनं या डब्यांची दुरुस्ती करणं थांबवलं होतं, पण ते इंटरनेटला जोडलेलेच राहिले होते. बाहेरच्या कुणी तरी त्यांना दुरून रीसेटचा हुकूम दिला. रीसेट करण्यापूर्वी पासवर्ड विचारणाऱ्या ओळी प्रोग्रॅममध्ये निष्क्रिय करून ठेवलेल्या होत्या. कंपनीनं मालकांना डबे इंटरनेटपासून तोडायला सांगितलं आणि पुढे फायली परत मिळवण्यासाठी सेवा देऊ केली. इथे उजेड होता, डोळे शाबूत होते, आडोसा नव्हता. असतं तर दिसलं असतं. नैयायिक ज्याला प्रध्वंसाभाव म्हणतात तो हा, फुटलेल्या घड्याचा अभाव. त्याला सुरुवात असते, शेवट नसतो; नवा घडा करता येतो, तोच घडा परत येत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये एक सापळा आहे, आणि त्यात चांगली माणसं अडकतात. डबा उघडत नाही म्हणून आतली डिस्क काढून ती विंडोजच्या लॅपटॉपला जोडली जाते. डिस्कवरची मांडणी लिनक्सची असते, विंडोजला ती वाचता येत नाही, आणि पडद्यावर सूचना येते की वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करा. आंधळ्यानं ‘खोली रिकामी आहे, पाडून टाका’ म्हणावं तसं हे आहे. पाहणाऱ्याची असमर्थता वस्तूच्या माथी मारली जाते. त्या चौकटीतलं ‘फॉरमॅट’ दाबू नये. ‘कॅन्सल’ दाबावं, डिस्क काढून कोरड्या जागी ठेवावी आणि लिनक्स जाणणाऱ्याला दाखवावी.

डोंबिवलीच्या घरी भाचीनं निघण्यापूर्वी दोन कामं केली. राऊटरमध्ये १९२.१६८.१.१२ हा पत्ता त्या डब्याच्या नावावर कायमचा राखून ठेवला, आणि वहीचं व फोटोंचं फोल्डर एका सुट्या हार्ड डिस्कवर उतरवायला लावून ती डिस्क मामीच्या कपाटात ठेवायला सांगितली. ज्यांच्या घरी असा डबा आहे, त्यांनी ही दोन कामं येत्या रविवारी उरकावीत. डब्याच्या खालचा बारा खुणांचा क्रमांक आणि त्याचा पत्ता एका कागदावर लिहून तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा.